चकतीचा मधला तुकडा

माझी पीएच.डी. कशात आहे असं कुणी विचारलं की मी 'सेमीकंडक्टर' एवढंच सांगून मोकळी होते. सनीव्हेलमध्ये तेवढ्यावर भागतं. इथं दर दुसरं माणूस कुठल्या तरी चिप कंपनीत आहे, त्यामुळे समोरचा मान डोलावतो आणि गप्पा पुन्हा व्हिसावर येतात. पुढचं विचारणारा क्वचित भेटतो आणि भेटलाच तर माझी पंचाईत होते. कारण मग स्पिन वेव्हबद्दल बोलावं लागतं, ते बोलायला लागलं की वेस्ट विंडसरचे काका आठवतात आणि मग उरलेला दिवस माझ्याशी कुणी न बोललेलं बरं.

तरी सांगते. गॅलियम आर्सेनाइड नावाचा एक स्फटिक असतो, करडा आणि आरशासारखा चकचकीत. त्याच्या पोटात एक इतका पातळ थर तयार करता येतो की इलेक्ट्रॉन त्या थरातच अडकून पडतात. पुढेमागे, डावीउजवीकडे ते मोकाट धावतात. वरखाली मात्र हलता येत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकलं चुंबक असतं आणि त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. बाहेरून मोठं चुंबकीय क्षेत्र लावलं की हे स्पिन एका बाजूला कलतात आणि जरासा धक्का दिला की डोलायला लागतात. एकाचं डोलणं शेजाऱ्याला लागतं, शेजाऱ्याचं त्याच्या शेजाऱ्याला, आणि थरभर एक लाट सरकत जाते. ही झाली स्पिन वेव्ह.

खरी गंमत यापुढे आहे. त्या स्फटिकात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला केवळ धावण्यामुळेच आणखी एक चुंबकीय क्षेत्र जाणवतं. तो कुठल्या दिशेनं आणि किती जोरात धावतोय, त्यावर ते ठरतं. याचं नाव स्पिन-ऑर्बिट कपलिंग. म्हणजे ज्याची त्याची दिशा वेगळी आणि ज्याचा त्याचा ताल वेगळा. खरं तर लाटेचा पार विचका व्हायला हवा. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना सतत रेटत असतात आणि त्या रेटारेटीत लाट टिकून राहते. काका म्हणायचे, "लेझीमच्या पथकासारखं आहे हे. एखाद्याचा पाय चुकायला लागला, की दोन्हीकडचे त्याला सांभाळून घेतात." फक्त लाट एका दिशेनं गेली तर तिची ऊर्जा किंचित वेगळी येते आणि तिच्या आडव्या दिशेनं गेली तर किंचित वेगळी. हा 'किंचित' मोजणं हे माझं काम होतं.

मी तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठात शिकत होते आणि श्रूजबरीत एका गुजराती कुटुंबाच्या तळघरात भाड्यानं राहत होते. आमच्याकडे लेझर होता, चुंबक होतं, नमुना थंड करायला द्रवरूप हेलियम होतं. नव्हता तो स्फटिक. तो एका अवाढव्य यंत्रात तयार होतो. हवा पूर्णपणे काढून घेतलेली पोलादी टाकी, तिच्यात तापलेल्या मुशी आणि त्या मुशींतून निघालेले गॅलियम आणि आर्सेनिकचे अणू एका गोल चकतीवर थरावर थर बसत जातात. हे यंत्र नीट चालवणारी माणसं फार थोडी आणि त्यांच्या दारात आमच्यासारखे प्रयोगवाले वाडगा घेऊन उभे. चकती त्यांनी द्यायची, मोजमाप आपण करायचं आणि पेपरवर दोघांची नावं येणार, असा या धंद्यातला रिवाज आहे.

माझ्या गाईडनं न्यू जर्सीतल्या एका कंपनीच्या संशोधन विभागाला ईमेल पाठवली. उत्तर आलं ते एका मराठी आडनावाच्या गृहस्थांकडून. तारीख ठरवायला मी फोन केला आणि चांगली दोन-चार वाक्यं इंग्रजीत झाडली. पलीकडून आवाज आला, "मराठी ना तू? मग इंग्रजी काहून बोलून राहिलीस?"

हे माझे काका. नात्यानं कुणीच नव्हेत. नागपूरला कॉलेजात शिकवत होते, चाळिशी जवळ आल्यावर सगळं सोडून पोस्टडॉक करायला अमेरिकेत आले आणि या कंपनीत चिकटले. कंपनीनं टाकलेली ग्रीन कार्डाची फाईल तेव्हा कुठे पुढे सरकत होती. पोस्टानं तुकडे कधी कधी फुटून पोचतात, म्हणून मला प्रत्यक्ष यायला सांगितलं, असं त्यांनी गाईडना कळवलं होतं. मला फोनवर म्हणाले, "शनिवारी ये. काकूच्या हातचं जेव आणि मग चकती घेऊन जा."

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात मी बसनं न्यूयॉर्कला आणि तिथून ट्रेननं प्रिन्स्टन जंक्शनला उतरले. स्टेशनच्या पार्किंगमध्ये एक सावळे, बुटके गृहस्थ हात हलवत उभे होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी त्यांच्या यंत्राची गोष्ट सुरू केली. यंत्राला ते 'बाई' म्हणायचे. बाईंचा मूड, बाईंचा पंप, बाईंना सोमवारी सकाळी हात लावलेला खपत नाही, वगैरे. मला हसू येत होतं. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, की टेलिकॉमचा बाजार बसल्यापासून कंपनीनं निम्मा विभाग रिकामा केला आहे आणि जानेवारीत रिव्ह्यू आहे.

"म्हणजे काय होणार, काका?"

"बाई राहतात की जातात ते ठरणार. बाई गेल्या तर मीही गेलो आणि फाईलही गेली." सिग्नल हिरवा झाला. "पण तुझी चकती चांगली उतरली आहे. आजवरची सगळ्यात चांगली असं माझं मन सांगतं. तिच्यातलाच एक तुकडा आमच्या इथला माणूस मोजेल. तो निकाल चांगला आला, की रिव्ह्यूत दाखवायला काहीतरी हातात राहील."

मी विचारलं, तशी आणखी एक करून ठेवली तर? ते म्हणाले, यंत्रातलं गॅलियम संपलं आहे. नवं भरायचं तर टाकी उघडावी लागते, टाकी उघडायला वरून परवानगी लागते आणि रिव्ह्यू होईपर्यंत कुणी कशालाच परवानगी देणार नाही. म्हणजे होती ती चकती एवढीच.

वेस्ट विंडसरच्या घरी काकूंनी साग्रसंगीत स्वयंपाक केला होता. वांग्याची भाजी, कढी, वडा-भात आणि शेवटी नारळाच्या वड्या. वड्या मोठ्या गोल थाळ्यात थापलेल्या होत्या आणि सुरीनं उभ्या-आडव्या कापलेल्या होत्या. मधल्या चौकोनी वड्या काकूंनी माझ्या ताटलीत रचल्या. कडेचे वेडेवाकडे, एका बाजूनं गोलाई असलेले तुकडे त्यांनी स्वतःला, काकांना आणि हायस्कुलात असलेल्या मुलीला वाढले. मुलीनं ताटलीकडे बघून तोंड वाकडं केलं. "व्हाय डू वी ऑलवेज गेट द वीअर्ड वन्स?"

"कारण आपण घरचे," काकू म्हणाल्या.

आमच्या घरी कोल्हापुरातही हेच चालायचं, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी आरामात चार वड्या खाल्ल्या.

दुपारी काका मला लॅबमध्ये घेऊन गेले. शनिवार असल्यानं इमारतीत शुकशुकाट होता आणि बऱ्याच दारांवरच्या नावाच्या पाट्या काढून टाकलेल्या होत्या. बाई मात्र घरघरत होत्या. काकांनी चकती काढली. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढी, गोल आणि आरशासारखी. तिच्यात मला माझं नाक दिसत होतं. त्यांनी हातमोजे चढवले, भिंगाचा दिवा ओढला आणि हिरकणी बसवलेली लेखणी घेतली. चकतीच्या कडेला लेखणीचं टोक नुसतं टेकवल्यासारखं केलं, ती उलटी ठेवून पाठीवर अलगद दाबलं आणि 'टिक' असा बारीक आवाज होऊन कडेचा तुकडा सरळ रेषेत सुटला. हा स्फटिक कापावा लागत नाही. त्याच्या अंगातच दोन दिशा असतात, एकमेकींना काटकोनात, आणि त्या दिशांनी तो आपण होऊन तुटतो. काकांनी एकीकडून एक, दुसरीकडून एक, मग वरून, मग खालून असा काठ उतरवला. मध्ये एक स्वच्छ चौकोन उरला.

तो चौकोन त्यांनी माझ्यासमोर सरकवला.

"चौकोनी बरा पडतो होल्डरवर बसवायला," ते म्हणाले. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. कडेचे चार तुकडे त्यांनी त्यांच्या डबीत ठेवले, माझा माझ्या डबीत, आणि डबीच्या झाकणावर मला दिशेचा बाण काढायला लावला. स्पिन-ऑर्बिटच्या खेळात सगळं दिशेवर आहे आणि त्या दोन दिशा डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. बाण मी दोनदा गिरवला.

परतीच्या प्रवासात ती डबी मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. बसमध्ये शेजारचा माणूस पेंगत माझ्या खांद्यावर कलला, तेव्हा मी त्याला चांगलंच ढोसललं. काय लागणार होतं त्या प्लॅस्टिकच्या डबीला, पण माझा जीव तिच्यात होता.

डिसेंबरमध्ये मोजमाप सुरू झालं. चौकोनाचा एक कोपरा तोडून, जेमतेम करंगळीच्या नखाएवढा, मी होल्डरवर चिकटवला. बाकीचा तुकडा डबीत घालून कपाटात ठेवला, न जाणो हा तडकला तर असावा म्हणून. नमुना थंड केला, चुंबक चढवलं, लेझर टाकला. स्फटिकावरून परत येणाऱ्या उजेडात स्पिन वेव्हची खूण एका रेघेच्या रूपानं दिसते, आलेखावर वर उठलेल्या सुळक्यासारखी. चकती सगळीकडे सारखी नसेल, कुठे इलेक्ट्रॉन जास्त आणि कुठे कमी असतील, तर ती रेघ पसरते आणि दोन दिशांमधला किंचितसा फरक त्या पसाऱ्यात बुडून जातो. मी आजवर अशा फताड्या रेघाच पाहिल्या होत्या.

ही रेघ बारीक आली. इतकी बारीक, की मी आधी स्पेक्ट्रोमीटरवर संशय घेतला. मग दिशा बदलली आणि रेघ सरकली. परत पहिल्या दिशेला आणली, ती परत जागेवर आली. दिवसभर मी तेवढंच करत बसले, लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करत बसतं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडना दाखवून झाल्यावर मी काकांना फोन लावला.

"काका, दिसली! दोन्ही दिशांना वेगवेगळी!"

"रेघ किती रुंद?" त्यांनी पहिलं तेच विचारलं. मी आकडा सांगितला. पलीकडे काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय असं मला वाटलं.

"काका?"

"आहे, आहे. अरे बाप्पा! एवढी बारीक? पुन्हा मोजलीस?"

"कितीदा तरी. काका, तुमची चकती म्हणजे एक नंबर आहे."

"छान," ते म्हणाले. "फार छान झालं. फार गरम-थंड करत बसू नकोस तिला. तडकेल."

"आणि काका, अजून कुणाला बोलू नका हं. पेपर जाईपर्यंत बाहेर सांगायचं नाही असं गाईड म्हणालेत."

"नाही सांगत," ते म्हणाले.

मी आणखी बरंच बोलले. कसं चुंबक रुसलं होतं, कसं हेलियम संपत आलं होतं, पेपरात आलेख कसे काढणार आहे. तुमच्याकडच्या तुकड्याचं काय झालं, हे काही मी विचारलं नाही. माझ्या मनातच आलं नाही. एकाच चकतीचे तुकडे, माझा चांगला तर त्यांचाही चांगलाच असणार, असं मी धरून चालले होते. शिवाय मी आनंदात होते, आणि आनंदात असलेलं माणूस किती बहिरं असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वसंतात काकांची छोटीशी ईमेल आली, घरच्या पत्त्यावरून. यंत्र बंद झालं. कॅलिफोर्नियात एका चिप फॅक्टरीत काम मिळालं आहे, ग्रीन कार्डाचं सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मुलगी शाळा बदलायला तयार नाही, काकू सामान बांधते आहे. तुझा पेपर कुठवर आला? मी 'फार वाईट वाटलं, काका' असं लिहिलं. खरंच वाटलं होतं. पण बाजारच बसलाय त्याला कोण काय करणार, असं म्हणून मी पुन्हा आलेखांना लागले. उन्हाळ्यात पेपर छापून आला. त्यावर दुसरं नाव काकांचं होतं आणि नावाखाली पत्ता होता तो त्या कंपनीचा, जिथं ते आता नव्हते.

पुढचं माझंही फार वेगळं झालं नाही. पदवी मिळाली, पण त्या विषयात नोकरी मिळेना. दोन हजार सातमध्ये मीही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला एका कंपनीत आले आणि तयार चिप तपासायचे प्रोग्रॅम लिहायला लागले. काका तिथून गाडीनं पाव तासावर राहत होते. दिवाळीला ईमेल जायची-यायची, 'एकदा नक्की भेटू' असं दोघंही लिहायचो आणि ते 'एकदा' काही येत नव्हतं. मला वाटतं आम्ही दोघंही टाळत होतो, आपण आता काय करतो हे एकमेकांना सांगणं.

मग दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गाईडचं पाकीट आलं. लॅब दुसऱ्या मजल्यावर हलवताना कपाट रिकामं केलं, त्यात तुझी ही डबी सापडली, ठेवायची तर ठेव. झाकणावर माझा दोनदा गिरवलेला बाण होता. आत तो चौकोन होता, एक कोपरा तुटलेला आणि बाकी जसाच्या तसा. मी त्याच आठवड्यात काकांना फोन केला आणि रविवारी त्यांच्या अपार्टमेंटवर गेले.

काकांचे केस पांढरे झाले होते. फॅक्टरीत दुसऱ्यांनी ठरवून दिलेली कृती ते शिफ्टमध्ये पार पाडत होते. "यंत्राला बाई म्हणावं असं काही तिथं नाही," एवढंच त्यांनी त्याबद्दल सांगितलं. मुलगी कॉलेजला गेली होती. काकू ओट्यापाशी काहीतरी कापत होत्या. मी डबी काकांच्या हातात दिली.

त्यांनी झाकण उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत गेले. परत आले ते दुसरी डबी घेऊन. विभाग बंद करताना सगळे जुने तुकडे फेकूनच देणार होते, तेव्हा विचारून त्यांनी ही ठेवून घेतली होती. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यांनी चिमट्यानं एकेक तुकडा मांडला. चारही तुकडे एका बाजूनं गोल. मांडून झाल्यावर चकतीचा नुसता काठ तयार झाला आणि मध्ये चौकोनी रिकामी जागा राहिली.

त्या चौकोनी जागेकडे बघताना माझ्या लक्षात आलं. एवढी शिकलेली बाई मी, पाच-सहा वर्षं या स्फटिकांत घालवली, आणि माझ्या तुकड्याला एकही गोल बाजू का नाही हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. अशा चकतीवर थर सगळ्यात सारखा बसतो तो मध्ये. कडेला जाडी बदलते, इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात. हे मी माझ्या प्रबंधात लिहिलं आहे, संदर्भासहित.

"काका, तुमच्या माणसानं कडेचा तुकडा मोजला?"

"हं."

"मग?"

"मग काय. रेघ रुंद आली. फरक बिरक काही दिसला नाही. रिव्ह्यूत म्हणाले, यंत्र म्हातारं झालं आहे, एकसारखा थर देत नाही."

"पण रिव्ह्यू जानेवारीत होता. मी फोन केला तेव्हा..."

"तुझ्या फोनच्या आदल्या आठवड्यात आमचं मोजून झालं होतं," काका म्हणाले. "तू आकडा सांगितलास तेव्हाच मला समजलं, की चकती चांगली आहे. आपणच कडेचा घेऊन बसलो."

ओट्याकडून सुरीचा आवाज थांबला. "मी सांगितलं होतं यांना," काकू म्हणाल्या. त्या आमच्याकडे वळल्याही नाहीत. "म्हटलं, पोरीला फोन करा, अर्धा परत मागा, पोर काय नाही म्हणणार आहे? आठ दिवस घसा कोरडा केला मी."

"पाहुण्याच्या ताटातलं उचलायचं का?" काका म्हणाले. हे त्या दोघांमध्ये पूर्वी पुष्कळदा झालेलं असावं, कारण काकूंनी सुरी पुन्हा चालवायला घेतली.

मला राग आला. खरंच आला, आणि तो काकांचा आला. मी जवळजवळ ओरडलेच, "काका, मी नखाएवढा कोपरा वापरला हो! हे बघा, हे एवढं सगळं तसंच आहे. पाकिटात घालून पाठवलं असतं. दुसऱ्या दिवशी पोचलं असतं. आणि मागायचं नव्हतं तर माझा आकडा तरी सांगायचा त्यांना!"

"तूच म्हणालीस ना, कुणाला सांगू नका."

म्हणाले होते मी. सगळी वर्षं तो तुकडा कपाटात पडून होता. तडकला तर असावा म्हणून राखलेला, आणि जो वापरला तो कधी तडकलाच नाही. मी फोनवर एवढंच विचारायचं होतं, 'काका, तुमचं कसं आलं?' परक्यालाही विचारतो आपण. त्या एका प्रश्नावर बाई राहिल्या असत्या असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, ज्यांना बंदच करायचं असतं त्यांना कारणं सापडतात. पण काका रिव्ह्यूला रिकाम्या हातानं गेले नसते. मनाची कितीही समजूत घातली तरी हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही, आजही.

मी चिमटा घेतला आणि माझा चौकोन त्या रिकाम्या जागेत ठेवला. तुटका कोपरा सोडला तर बसला. काकांनी वाकून बघितलं, मान हलवली, माझ्या हातातून चिमटा घेतला आणि चौकोन काटकोनात फिरवला. झाकणावरचा बाण त्यांनी पाहिलाही नव्हता. एका बाजूला डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ओरखडा होता, त्यांच्या हिरकणीचा, तो त्यांनी शेजारच्या तुकड्यावरच्या ओरखड्याशी जुळवला. "असा होता," ते म्हणाले.

काकूंनी चहा आणला आणि टेबलावर थाळा ठेवला. नारळाच्या वड्या, नुकत्याच कापलेल्या. काकांनी कागद हलकेच बाजूला सरकवला आणि थाळा फिरवून मधल्या वड्या माझ्यासमोर आणल्या.

"घे."

मी हात लांब करून पलीकडची, कडेची, गोल बाजूची वडी उचलली.

"अगं, मधली घे ना," काकू म्हणाल्या.

"नको काकू. मला कडेची आवडते."

काकांनी माझ्या हातातल्या वडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कडेचीही चांगलीच असते गं," ते म्हणाले. "फक्त रेघ रुंद येते."

आणि एकटेच हसले. काकू पदर डोळ्याला लावून आत गेल्या, आणि मी ती वडी हातात धरून बसले. खाता येईना.